पाच ते चाळीस अंश

इन्स्टंट कॅमेऱ्याच्या खोक्यात, कॅमेऱ्याच्या खाली, अनेक घड्या घातलेला एक कागद असतो. तो उलगडला की अर्धं टेबल व्यापतो आणि पुन्हा पहिल्यासारखा कधीच मिटत नाही. त्यावर बारीक अक्षरांत एक सूचना आहे: हा कॅमेरा ५ ते ४० अंश सेल्सिअस तापमानात वापरावा. जपानात बसून ज्यानं कोणी हे दोन आकडे ठरवले, त्याच्या मनात खानदेशाविषयी काही आकस होता असं मी म्हणणार नाही. पण मे महिन्यात जळगाव-भुसावळ पंचेचाळिशीला टेकतात, आणि जानेवारीत धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातला पारा पाच-सहा अंशांवर उतरल्याची बातमी पेपरात चौकटीत येते. म्हणजे एका टोकाला जळगाव हद्दीबाहेर आणि दुसऱ्या टोकाला धुळं कुंपणावर. मोजणीवाल्यानं नकाशावर पट्टी ठेवून रेघ ओढावी आणि नेमकं आपलंच शेत रस्त्यात जावं, तसं झालं आहे. मधले जे महिने कंपनीनं आपल्याला मोकळे सोडलेत, त्यांत खानदेशात फोटो काढावा असं फारसं काही घडत नाही. आपल्या लग्नांची गर्दी, आपली आखाजी, अमळनेरची सखाराम महाराजांची यात्रा, सगळं वैशाखात. माहेरवाशिणी दारात उतरतात तेव्हा बाहेर डांबर पाघळत असतं.

आमच्या घरातला कॅमेरा भाचीचा. आकाशी रंगाचा, कडा गोलावलेला, दुकानदारानं चुकून खेळण्यांच्या कप्प्यात ठेवला असता तरी कुणाला शंका आली नसती असा. ती नोकरीला पुण्याला गेली, तिच्या हौसेचा ऋतू पालटला आणि कॅमेरा मागे राहिला. आता तो जळगाव आणि धुळ्याच्या मध्ये, एरंडोल, पारोळा करत, जो कोणी एसटीनं निघेल त्याच्या पिशवीतून येत-जात असतो. त्याच्या मालकीचा प्रश्न कुणी काढत नाही. दुखण्यांचा मात्र काढतात, आणि तो माझ्याकडे येतो. कारण छापलेला कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची खोड घरात मला एकट्यालाच. फोटो काळा आला, फोटो पांढरा आला, फोटो आलाच नाही, आतून कुरकुर वाजतं, लाल दिवा लागून बसलाय, अशा तक्रारी धुळ्याहून फोनवर येतात आणि मी इकडे तो कागद उलगडतो. एका फोटोला पन्नास-साठ रुपये पडतात, ही गोष्ट प्रत्येक तक्रारीच्या अखेरीस न चुकता सांगितली जाते. खानदेशी माणूस लग्नात पंगतीवर पंगती उठवील, पण वाया गेलेल्या पन्नास रुपयांचं सुतक पाळील.

या कॅमेऱ्याचा जन्म एका लहान मुलीच्या हट्टातून झाला म्हणतात. १९४३ साली एडविन लँड हा अमेरिकन संशोधक कुटुंबासह सांता फे इथे सुटीवर होता. त्यानं तीन वर्षांच्या लेकीचा फोटो काढला आणि तिनं विचारलं, तो मला आत्ता का बघता येत नाही? बापानं ‘गप्प बस’ म्हणण्याऐवजी फिरायला जाऊन विचार केला. १९४८ च्या नोव्हेंबरात बोस्टनच्या दुकानात पहिला पोलरॉइड कॅमेरा विकायला आला, आणि १९७२ साली तर असा कॅमेरा निघाला की फोटो आपसूक बाहेर सरके आणि भर उजेडात डोळ्यांदेखत उमटे. फुजीचा इन्स्टॅक्स त्यानंतरचा, १९९८ चा. युक्ती साधारण तीच. फोटोच्या खालची जी रुंद पांढरी पट्टी आपण नाव-तारीख लिहायला वापरतो, तिच्या पोटात रसायनाच्या इवल्याशा पिशव्या असतात. फोटो बाहेर पडताना दोन रुळांच्या चिमटीतून जातो, पिशव्या फुटतात, लेप सगळीकडे पातळ पसरतो. मग सुमारे दीड मिनिट काही नाही. नुसता कोरा चौकोन, ६२ बाय ४६ मिलिमीटरचा.

त्या दीड मिनिटासाठी मी या यंत्राचे सगळे नखरे सहन करतो. धुळ्याच्या घरी ओट्यावर तो कोरा तुकडा ठेवला की घरातली सगळी डोकी त्याच्यावर ओणवी होतात. एरवी ही माणसं एकत्र एका गोष्टीकडे पाहतात ती फक्त लाइट बिलाकडे. मोठमाय चष्मा वर-खाली करते. जिभाऊ मागे हात बांधून, आपल्याला यात काही विशेष वाटत नाही असं दाखवत, पण मान पुढे काढून उभे. “कोरा शे हाऊ,” असा निकाल कुणीतरी घाईनं देतं. “थांबा ना, येई ऱ्हायना,” दुसरं कुणी सांगतं. आणि खरंच, पहाटेच्या पॅसेंजरच्या खिडकीतून भुसावळचा फलाट हळूहळू उजेडात यावा तशी आधी एक काळपट कड दिसते, मग केस, मग लुगड्याचा काठ, आणि चेहरा सगळ्यात शेवटी. “आते दिसस,” म्हणत मोठमाय सुस्कारा टाकते. लँडच्या लेकीला आत्ताच्या आत्ता हवं होतं. तिच्या बापानं जन्मभर खपून जे दिलं त्यात हे दीड मिनिट शिल्लक राहिलं. मोबाइलवाल्यांनी पुढे तेही काढून टाकलं, आणि तेव्हापासून आमच्या घरात फोटो शेकड्यांनी निघतात पण त्यांच्यावर कुणी ओणवं होत नाही.

आता दुखण्यांकडे वळू. पहिलं आणि मुख्य दुखणं ऊन. तापलेल्या फिल्मचे रंग पिवळे-तांबूस होतात, सावल्या विरतात. पोलरॉइडची फिल्म याबाबतीत आणखी लाडावलेली. तिला १३ ते २८ अंशच मानवतात. जळगावात पारा २८ च्या खाली येतो तेव्हा माणसं पेटीतून मफलर काढतात. इन्स्टॅक्स त्या मानानं कष्टाळू, तरी वैशाखातल्या दुपारी मांडवात काढलेल्या फोटोत सगळं वऱ्हाड कावीळ झाल्यासारखं येतं. गेल्या एका लग्नात मात्र हा दोष कुणाच्या लक्षातच आला नाही, कारण फोटो हळदीचे होते. नवरी पिवळी, करवल्या पिवळ्या, मांडवाच्या कापडातून येणारं ऊन पिवळं, त्यात फिल्मनं आपला पिवळा मिसळला. उलट छापील अल्बमचा फोटोग्राफर बिचारा पांढऱ्याचा तोल साधत बसला होता, त्याच्या फोटोंना ‘हळद फिकी लागली का वो?’ असं ऐकावं लागलं.

उपाय म्हणून कागद सांगतो की फिल्मचं पाकीट थंड जागी ठेवावं. आमच्याकडे थंड जागा एकच, फ्रिज. तिथे ते पाकीट आमरसाच्या पातेल्याशेजारी, दाराच्या कप्प्यात राहू लागलं. कुणाला ते औषध वाटलं, कुणाला चॉकलेट. एका पाहुण्यानं तर इन्सुलिन समजून ‘कुणाला आहे?’ म्हणून हळू आवाजात चौकशी केली. पण कागदाची पुढची ओळ फार गमतीची आहे. फ्रिजमधून काढल्यावर लगेच वापरू नये, बाफ धरते. पाकीट आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावं. आता जळगावात मे महिन्यात खोलीचं तापमान म्हणजेच रोग. ज्याच्यापासून वाचवायला आत ठेवलं, त्याच्याच स्वाधीन करायचं. मी या ओळीवर बराच विचार केला आणि शेवटी पाकीट कूलरसमोरच्या खोलीत आणू लागलो, जिथे वाळ्याचा वास, पाण्याचा थपथपाट आणि दुपारची झोप यांनी मिळून निराळंच हवामान तयार केलेलं असतं. फोटो उमटायला ठेवायची जागा मात्र मोठमायनं शोधली. माठाच्या तिवईखाली, जिथे ती कोथिंबीर ठेवते, तिथे ताटलीवर ताटली झाकून. तिथे उमटलेल्या फोटोंतलं आकाश निळं येतं. कंपनीच्या कागदावर माठ नाही. त्यांनी तो घालावा.

दुसरं दुखणं हलवण्याचं. फोटो हातात आला रे आला की माणूस तो हवेत फडफडवतो. का, ते कुणी सांगू शकत नाही. १९७२ च्या आधीच्या फिल्मचा कागद सोलून वेगळा करावा लागे, पृष्ठभाग ओलसर असे, तेव्हा वारा घालण्यात अर्थ होता. आता सगळा खेळ पारदर्शक प्लास्टिकच्या आत चालतो. बाहेरच्या वाऱ्याचा आतल्या लेपाला पत्ताही नसतो. उलट हिसक्यांनी तो लेप फुटतो, डाग पडतात. २००३ साली एका अमेरिकन गाण्यानं सगळ्या जगाला फोटो हलवायची चिथावणी दिली, तेव्हा पुढच्या वर्षी खुद्द पोलरॉइड कंपनीला ‘हलवू नका’ असं सांगावं लागलं. मोठमायनं ते गाणं ऐकलेलं नाही. तरी तिनं पहिल्याच दिवशी फोटोला पळसाच्या पानांच्या पंख्यानं वारा घातला, आणि थांब म्हटल्यावर मला विचारलं की तापलेल्या लेकराला वारा घालायचा नाही तर काय करायचं. मी कागद पुढे केला नाही. काही प्रश्नांना कागद पुरत नाही.

थंडीत सगळं उलटं. जानेवारीत पांझरेच्या काठानं जो गारठा धुळ्यात शिरतो, त्यात फोटो फिका, निळसर येतो आणि उमटायला दीड मिनिटाच्या कितीतरी जास्त घेतो. त्यावर कंपनीचा उपाय इतका प्रेमळ आहे की तो तांत्रिक कागदावर छापलेला पाहून मी चकित झालो: फोटो निघाल्याबरोबर कपड्याच्या आतल्या खिशात, अंगाशी ठेवावा. एका पहाटे शेकोटीपाशी बसलेल्या मोठमायचा फोटो निघाला. कोरा तुकडा कुठे ठेवायचा म्हणून सगळे इकडेतिकडे पाहू लागले, तर जिभाऊंनी काही न बोलता हात पुढे केला आणि तो बंडीच्या आतल्या खिशात सरकवला. त्या खिशात त्यांचं काय काय असतं ते आम्हाला ठाऊक आहे: तंबाखूची चंची, बँकेच्या ठेवीची पावती, एसटीच्या सवलतीचं कार्ड. मग चहा झाला, पेपर आला, शेजारचे कुणी कापसाच्या भावाबद्दल बोलायला आले आणि फोटो सगळे विसरले. आठवण झाली ती थेट रात्री. जिभाऊंनी तो काढून दिला. रंग छान उतरले होते. “खिशातच होता,” ते म्हणाले, जणू कुणी विचारलं होतं. जन्मभर बायकोला नावानं हाक न मारलेला माणूस तिचा फोटो दिवसभर छातीशी उबवत गावातून हिंडला, आणि त्याला निमित्त मिळालं ते फुजी कंपनीच्या सूचनापत्रकाचं.

काळ्या फोटोंची कहाणी वेगळी. फ्लॅशचा उजेड दोन-अडीच मीटरपर्यंत पोहोचतो, पुढे त्याची सत्ता चालत नाही. ही गोष्ट कानबाईच्या रात्री कळते. नागपंचमीनंतरच्या रविवारी श्रावणात घरोघर कानबाई बसते, रोटांचा दरवळ असतो, रात्रभर बाया गाणी म्हणतात. अशा वेळी मागच्या भिंतीशी उभं राहून कुणीतरी सगळा सोहळा एका चौकोनात धरायला जातं. फोटोत येते ती सगळ्यात पुढे बसलेल्या काकूंची पाठ, लख्ख, चोळीच्या टाक्यासकट. तिच्यापलीकडे काळोख, आणि काळोखात कुठेतरी कानबाईच्या नथीचा एक ठिपका. यावर उपाय म्हणून पुढच्या वर्षी घरातला एक पोरगा अगदी देवीपुढे जाऊन गुडघ्यावर बसला. इतकं जवळ गेल्यावर फ्लॅश सगळं धुऊन टाकतो. नारळावर रेखलेले डोळे, हळद-कुंकू, दागिने, सगळं पांढऱ्या झोतात विरघळलं. फोटोत नुसतं तेज आलं. मी त्याला सांगणार होतो की अंतर चुकलं. पण मोठमायनं तो फोटो दोन्ही हातांत घेऊन कपाळाला लावला होता, आणि घरातल्या बायका एकमेकींना सांगत होत्या की देवी मोबाइलमध्ये अशी कधी दिसली नाही. तांत्रिक सल्ला द्यायची एक वेळ असते. ती ही नव्हती.

मुंडकी कापली जाण्याचंही कारण साधं आहे. ज्या भोकातून आपण पाहतो ते भिंगाच्या बाजूला, जरा वर असतं. लांबच्या गोष्टीला फरक पडत नाही. जवळच्या माणसाला मात्र डोळा एक पाहतो आणि भिंग दुसरंच. त्यामुळे आमच्याकडे कपाळाविना मेहुणे आणि एकच कान असलेल्या वन्संबाई असा मोठा संग्रह आहे. त्यात एक गुलाबी ढग वारंवार दिसतो, ते बोट. कुणाचं ते फोटोवरून ओळखता येत नाही, म्हणून आरोप फिरत राहतो.

सेलचं दुखणं किरकोळ. दिवा लुकलुकला, फ्लॅश भरायला वेळ लागला, की सेल बदलायचे. कागद म्हणतो दोन्ही एकदम, एकाच जातीचे, आणि रिचार्जवाले नकोत. पण रेडिओच्या काळातल्या माणसाला मेलेला सेल फेकवत नाही. जिभाऊ अजून ते उतरवून गच्चीवर उन्हात मांडतात. रुळांचं दुखणं त्याहून सोपं: फोटोवर सारख्या अंतरानं ठिपके आले तर समजावं की रुळाला काही चिकटलं आहे, आणि एक ठिपका रूळ फिरेल तसा पुन्हा पुन्हा उमटतो आहे. ओलसर मऊ कापडानं रूळ पुसायचे. आमच्या रुळांवर कापसाचे तंतू निघाले. खानदेशात घरातल्या कुठल्याही वस्तूच्या पोटात शेवटी कापूसच निघतो. नवल ते काय.

आणि मागचं झाकण. फिल्म संपेस्तोवर ते उघडायचं नाही, हे कॅमेऱ्यावरही लिहिलेलं आहे. जे उघडू नका म्हणून लिहिलेलं असतं, ते पाहुणा उघडतोच. आत उजेड शिरतो, फिल्म भाजतात. त्या दिवशी एक पांढरा आणि एक अर्धा पांढरा फोटो निघाला, आणि पाहुण्यांनी ‘कॅमेराच खराब दिसतो’ असं निदान करून जेवायला पाट घेतला.

या घाईच्या यंत्राशी झटताना मला वारंवार आमच्याच जिल्ह्यातल्या, घाईशी काही देणंघेणं नसलेल्या एका माणसाची आठवण येते. चाळीसगावच्या स्टेशनजवळच्या बंगल्यात केकी मूस राहत. १९१२ साली मुंबईत जन्मलेले पारशी गृहस्थ, विलायतेत कला शिकून आलेले. एकदा चाळीसगावच्या घरात शिरले ते जवळजवळ पन्नास वर्षं घराबाहेर पडले नाहीत म्हटलं तरी चालेल. १९८९ साली तिथेच गेले. टेबलावर छोट्या छोट्या वस्तू मांडून, उजेड हवा तसा वळवून, ते अख्खी निसर्गदृश्यं भासावीत अशी छायाचित्रं घरातल्या घरात उभी करत. जग पाहायला त्यांना टेबलाची चार बोटं जागा पुरे. लोक अशी आख्यायिका सांगतात, की मुंबईहून कुणी येण्याचं वचन दिलं होतं, म्हणून ते रात्रीची गाडी येऊन जाईपर्यंत दारं उघडी ठेवत आणि मगच मिटून घेत. खरं-खोटं मूसांना ठाऊक. त्या बंगल्यात आता संग्रहालय आहे. तिथून बाहेर पडताना पिशवीतला आकाशी कॅमेरा मला अंमळ पोरकट वाटू लागला. दीड मिनिटात काय ते उमटा नाहीतर पैसे वाया, असा त्याचा बाणा; आणि इथे एक माणूस रोज रात्री दार उघडत होता, कोरं ते कोरंच.

त्यांच्याही आधीचा मेजर रॉबर्ट गिल. कंपनी सरकारनं १८४४ साली त्याला अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला धाडलं. त्यानं वर्षानुवर्षं लेण्यांत बसून तैलचित्रं केली, ती लंडनला गेली, आणि १८६६ साली सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली तेव्हा त्यातली बहुतेक जळाली. मधल्या काळात गडी कॅमेऱ्याकडे वळला होता. त्यानं काढलेली लेण्यांची छायाचित्रं १८६४ साली फर्ग्युसन नावाच्या अभ्यासकाच्या मजकुरासह पुस्तकरूपानं निघाली. त्या जमान्यात काचेच्या पट्टीवर रसायन लावून ती ओली असेतोवरच फोटो काढून, धुऊन मोकळं व्हावं लागे. पट्टी वाळली की खेळ खलास. फर्दापूरच्या उन्हात पट्टी ओली ठेवणं म्हणजे काय, हे ज्यानं तिथे उन्हाळ्यात रुमाल वाळत घातला आहे त्यानं समजून घ्यावं. गिल १८७९ साली वारला. त्याची कबर भुसावळला आहे. आमच्या पिवळ्या फोटोंची तक्रार त्याच्यापुढे मांडायला मला संकोच वाटेल.

इन्स्टंट फोटोचं एक दुखणं असं आहे की ते कुठल्याच कागदावर छापलेलं नाही. त्याला निगेटिव्ह नसते. जो आहे तो एकच, ५४ बाय ८६ मिलिमीटरचा, बँकेच्या कार्डाएवढा. पूर्वी जळगावच्या स्टुडिओत धबधब्याच्या पडद्यापुढे फोटो काढला की ‘मंगळवारी या’ म्हणत, आणि मंगळवारी मिळालेल्या पाकिटातून वाटेल तेवढ्या प्रती निघत. सासरी एक, माहेरी एक, मामाकडे एक. आता प्रश्न पडतो, हा ठेवायचा कुणी? चार बहिणींचा हसताना फोटो निघतो आणि पाचव्या मिनिटाला त्या हसत नसतात. मग भाचा त्यावर तोडगा काढतो: त्या फोटोचाच मोबाइलवर फोटो काढून चौघींना पाठवतो. चौघी मोबाइलवर त्याची पांढरी चौकटसुद्धा मोठी करून पाहतात. मूळ फोटो शेवटी मोठमायच्या देवघरात जातो, समईच्या मागे, आणि तिथे उन्हाची तिरीप रोज सकाळी घटकाभर त्याच्यावर पडते. असे फोटो उन्हानं विटतात, हे मी तिला सांगितलं. “देवबी इटनात,” ती भिंतीवरच्या तसबिरींकडे हात करत म्हणाली.

सध्या कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या खिडकीत १ हा आकडा आहे. शेवटची फिल्म. दहाची नऊ झाली तेव्हा कुणाला काही वाटलं नाही, पण एकच उरली म्हटल्यावर तिला वजन आलं. वाढदिवस आला, वाढदिवस दरवर्षी येतो, म्हणून नको. ट्रॅक्टर आला; ट्रॅक्टर मोबाइलमध्ये मावतो. पुण्याची भाची मुद्दाम आली, तिनं आपल्याच कॅमेऱ्यातली फिल्म मागितली, तर तिला ‘आखाजीला बघू’ असं उत्तर मिळालं. आखाजीला सगळ्या माहेरवाशिणी आल्या. लिंबाला झोका बांधला, खापरावरच्या पुरणपोळ्या झाल्या, आणि संध्याकाळी सगळ्यांचा मिळून एक फोटो काढायचा ठरलं. भाचा कॅमेरा घेऊन मागे सरकू लागला. सगळे मावत नव्हते. तो आणखी सरकला, तुळशीपर्यंत, मग गोठ्यापर्यंत. मी ओरडून सांगत होतो की इतक्या लांब फ्लॅश पोहोचायचा नाही. पुढे आला की दोन्ही कडेचे जावई कापले जात होते. जावई कापणं बरं दिसेना. धाकट्या पोरांना खाली बसवलं, उंचांना मागे घेतलं, कोण कुणाशेजारी उभं राहणार यावरून जुन्या दोन गोष्टी निघाल्या, आणि तोवर उजेड गेला. सगळ्यांच्या मते फिल्म वाचली ते बरंच झालं.

त्या फिल्मवरची मुदत केव्हाच उलटून गेली आहे. मुदत संपलेल्या फिल्मचे रंग कसेही येतात, येतीलच असंही नाही. हे मी कुणाला बोललो नाही; एरवी मी बोलतो. धाकट्या सुनेला मात्र या सगळ्या खलबताचा कंटाळा आला असावा. तिनं मोबाइलवरून दोन नवी पाकिटं मागवून टाकली, आणि आज भर दुपारी तिला मेसेज आला की आपलं पार्सल जळगावात पोहोचलं असून ते सोमवारी सकाळपर्यंत कुरिअरच्या गोदामात सुरक्षित राहील. ते गोदाम मी पाहिलं आहे. पत्र्याचं आहे.